फटीचा हिशोब

यंदाच्या अंकाचा विषय ‘आधार’, असं संपादकांनी जुलैत फोनवर सांगितलं आणि मी गप्प झाले. आईवडील, गुरू, शेजारी, आधार कार्ड, हे सगळं कुणी ना कुणी लिहिणारच होतं. त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा मुलगा बोलता बोलता म्हणाला, ‘‘मावशी, एका जिन्याच्या कठड्यात अडकलोय. सात एमएमचा प्रश्न आहे. तीन आठवडे झाले.’’

भाचा कतारमध्ये, अल रय्यानला असतो. सुतारकामाच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. सात मिलिमीटर म्हणजे शिसपेन्सिलीची जाडी. तेवढ्यासाठी तीन आठवडे कुणाचे जातात? जिना चढताना माणूस ज्याला धरतो त्याच्याइतका साधा आधार दुसरा कुठला, असं मनाशी म्हणत मी ऑगस्टच्या अखेरीस विमानात बसले. हा आधार मुळात आधारच नाही, हे तिथं गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं.

नंबरांच्या गल्ल्या

अल रय्यान दोहाच्या पश्चिमेला लागून आहे. दोहा कुठं संपलं आणि रय्यान कुठं लागलं हे गाडीतून कळत नाही. ‘रय्यान’ हे स्वर्गाच्या एका दाराचं नाव. रोजे ठेवणारे त्या दारानं आत जातात, अशी श्रद्धा आहे. नावात तहान भागल्याचा, पाण्यानं तृप्त झाल्याचा अर्थ आहे, आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर. याच नगरपालिकेत परदेशी विद्यापीठांची एज्युकेशन सिटी आहे, विश्वचषकाची तीन मैदानं आहेत, १८९३ साली शेख जासिम यांनी तुर्कांच्या फौजेला मागं रेटलं तो अल वजबाचा किल्ला आहे. उंच कुंपणांच्या आड हजारो व्हिला आहेत. आणि दक्षिणेच्या अंगाला, सलवा रोडला लागून, इंडस्ट्रियल एरिया आहे. वरच्या सगळ्याला लागणारी दारं, जाळ्या, पायऱ्या आणि कठडे तिथं तयार होतात.

तिथल्या रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. एका शेडमध्ये टायर, शेजारी ॲल्युमिनियमच्या चौकटी, पलीकडे लोहारकाम. पाट्या अरबीत आणि इंग्रजीत, आरडाओरडा हिंदीत. भाच्याच्या कारखान्यात शिरले तेव्हा आधी भुशाचा वास आला आणि मग, माझ्या मराठी नाकाला उगीचच, ओल्या सागवानाचा भास झाला. होता मात्र बीच. युरोपातलं फिकट गुलाबीसर लाकूड. कातायला गुळगुळीत, पण हवेतल्या ओलाव्याला फार चटकन फुगणारं आणि आक्रसणारं.

भाच्यानं आत नेऊन संगणकाच्या पडद्यावर तो जिना दाखवला. एका कतारी कुटुंबाच्या नव्या व्हिलातला. पायरी ३०० मिलिमीटर रुंद, १५० उंच. म्हणजे ऐसपैस, राजेशाही चढण. आपल्याकडे घरगुती जिन्याला राष्ट्रीय इमारत संहिता किमान २५० रुंदी आणि कमाल १९० उंची मान्य करते, आणि बहुतेक बिल्डर त्या कडेलाच उभे राहतात. इथं तसं नव्हतं. पडद्यावर प्रत्येक पायरीवर दोन कातीव दांडे उभे होते. वर चौकोनी ठोकळा, मग बारीक मान, मग फुगीर पोट, पायाशी पुन्हा ठोकळा. आपल्याकडचे मिस्त्री या दांड्याला सरळ ‘बलस्टर’ म्हणतात. मराठीत कठडा आहे, गज आहे, दांडा आहे. या पोटवाल्या खांबुटीला वेगळा शब्द आपण केला नाही, कारण ती आपल्या घरात उशिरा आली.

कळीचं पोट

बलस्टर या शब्दाच्या मुळाशी डाळिंबाचं फूल आहे, हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. ग्रीकमधलं ‘बालाउस्तिओन’ म्हणजे रानडाळिंबाचं फूल. लॅटिनमधून ते इटालियनमध्ये ‘बालाउस्त्रा’ झालं, आणि पंधराव्या शतकात इटलीतल्या वास्तुकारांनी दगडाचे असे फुगीर दांडे ओळीनं उभे करायला सुरुवात केली तेव्हा ते त्यांना त्या कळीसारखे दिसले. फ्लोरेन्सजवळ पोज्जो आ कायानो इथं मेदिची घराण्यासाठी जुलियानो दा सांगाल्लोनं बांधलेला बंगला हा अशा कठड्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक. ज्या ग्रीक-रोमन वास्तूंची नक्कल करतोय असं ती मंडळी समजत होती, त्यांत असा कठडा मुळी नव्हताच.

भाचा सांगोला तालुक्यातला. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मेव्हण्यांची, तीन एकर भगवा डाळिंबाची बाग होती. तेल्या रोगानं ती खाल्ली. फळावर काळे तेलकट डाग पडत गेले, फवारण्यांची उधारी वाढत गेली आणि एका वर्षी जेसीबी लावून झाडं उपटली. त्यानंतर दोन वर्षांनी पोरगा कतारला आला.

त्यानं पडद्यावरचा दांडा मोठा केला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाला, ‘‘ही मादी कळी आहे.’’

मला कळेना. मग त्यानं कागदावर काढून दाखवलं. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं लागतात. नर कळी घंटेसारखी, देठाकडे निमुळती. मादी कळी सुरईसारखी, खाली पोट असलेली. फळ धरतं ते सुरईचं. नर कळ्या गळून पडतात. बहार धरला की सकाळी बागेत जाऊन जमिनीवर कुठल्या कळ्या पडल्यात ते बघायचं, हे त्याचं लहानपणीचं काम. पोटवाल्या कळ्या खाली दिसल्या की बाबा दिवसभर बोलायचे नाहीत. एरवी शास्त्रज्ञ मादी कळी म्हणजे उभयलिंगी फूल असं बजावतील, पण सांगोल्यात कळी मादी किंवा नर एवढंच असतं. पाचशे वर्षांपूर्वी इटलीत कुणाला जे फूल दिसलं, त्याचं पोट बघून हा मुलगा त्याची जात सांगत होता. तीन आठवडे तो ते दांडे काढत बसला होता आणि ही कळी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डोक्याचं माप

आता ते सात मिलिमीटर.

घरमालकांनी मोबाइलवर कुठल्याशा इटालियन राजवाड्याचा फोटो पाठवला होता. त्यावरून दांडा ठरला. पोट ११० मिलिमीटर, मान ४५. पायरीवर दोन, म्हणजे एका दांड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १५० मिलिमीटर. पोटापाशी दोन दांड्यांमधली फट ४०. छान, भरगच्च. पण मानेपाशी १५० वजा ४५, म्हणजे १०५. आणि सल्लागाराच्या नकाशावर कोपऱ्यात टीप होती की कठड्यातून १०० मिलिमीटरचा गोळा कुठंही पार जाता कामा नये.

हा गोळा म्हणजे मूल. ब्रिटनच्या घरबांधणीच्या नियमांत तो १०० मिलिमीटरचा आहे, अमेरिकेत ४ इंचांचा. अमेरिकेत पूर्वी ६ इंचांची फट चालायची. पोरं त्यातून पडतात हे पुरेशा वेळा बघून झाल्यावर ती ४ इंचांवर आली. घरातल्या जिन्याच्या उतरत्या भागाला मात्र अमेरिकी नियम थोडी सूट देतो. तिथं ४ पूर्णांक ३ अष्टमांश इंच, म्हणजे साधारण १११ मिलिमीटर चालतात. लँडिंगला, गच्चीला, सज्ज्याला ४ इंच म्हणजे ४ इंच.

फटीचं भय दुहेरी आहे. मोठी फट असेल तर मूल पडतं हे सरळ आहे. मधली फट जास्त फसवी. लहान मुलाचं डोकं त्याच्या छातीच्या जाडीपेक्षा रुंद असतं. ते पाय आधी घालतं, कंबर जाते, छाती जाते, आणि डोक्यापाशी अडकून ते लोंबकळतं. सोलापूरला आमच्या चाळीत माझ्या धाकट्या भावानं उलटं केलं होतं. त्यानं डोकं आधी घातलं. खाली बर्फाचा गोळेवाला उभा होता, त्याला हाक मारायला. डोकं गेलं, परत येईना. शेजारच्या काकूंनी गोडेतेलाची वाटी आणली, दोघींनी त्याचे कान दुमडून धरले आणि तिसरीनं खालून गोळा दाखवत त्याला गप्प ठेवलं. संध्याकाळी वडिलांनी कठड्याला आतून सुतळीची जाळी विणली. पुढची दहा वर्षं आमच्या मजल्यावरचा तो एकच कठडा खाटेसारखा दिसायचा. कुणी मापं घेतली नव्हती, पण नियम असाच तयार होतो.

म्हणजे दांड्याचं सौंदर्य पोटात आणि मूल जाणार मानेतून. भाच्यानं सगळे मार्ग करून पाहिले होते. पायरीला तीन दांडे लावले तर मध्यांमधलं अंतर १००, आणि पोटं ११०. एकमेकांत घुसतात. पोट ९० करून तीन लावले तर फट दहाची, जिना भिंतीसारखा दिसतो. मान जाड करायची तर किमान ५० हवी. लाकूड आक्रसतं म्हणून दोन मिलिमीटर हातचे. म्हणजे ५२. पंचेचाळिसाचे बावन्न, हे ते सात. मालकांना नमुना दाखवला तर म्हणाले, ही बाटली झाली.

मी दोन्ही नमुने हातात घेऊन पाहिले. ते बरोबर म्हणत होते. पंचेचाळिसाची मान डौलदार होती. बावन्नची जरा चौकीदारासारखी.

खराद

कारखान्यात लेथवर सहारनपूरचे एक उस्ताद आहेत. साठीच्या आसपासचे, डोळ्यांवर जाड काच, दाढीत भुसा. सहारनपूर म्हणजे लाकडी नक्षीचं गाव. ते स्वतःला खरादी म्हणवतात. आपल्याकडे जुना शब्द कातारी, आणि त्यानं केलेलं काम कातीव. ‘खराद’चं मूळ अरबी आहे. अरबीत लेथवर काम करणाऱ्याला ‘खर्रात’ म्हणतात. शब्द केव्हातरी इथून तिकडे, उत्तर हिंदुस्थानात गेला आणि आता उस्तादांबरोबर व्हिसा काढून परत आला.

दांडे आता संगणकाच्या लेथवर निघतात. भाच्याची रेघ यंत्रात जाते, पातं त्या रेघेवरून धावतं. पण पहिला नमुना उस्ताद हातानं काततात. ११० चौरसाचा ठोकळा. तोही अखंड नसतो, पट्ट्या चिकटवून केलेला, म्हणजे पिळत नाही. दोन टोकांत धरून फिरवायचा, कोपरे उडवायचे, मग गोल चाकी पटाशीनं मान खोल करत जायचं. मानेपाशी आल्यावर ते पटाशी बाजूला ठेवून यंत्र बंद करतात आणि अंगठा व तर्जनीच्या कड्यात मान धरून बघतात. कॅलिपर नंतर.

त्यांचं मत मी विचारलं. त्यांना बावन्न पसंत होती, आणि कारण सौंदर्याचं नव्हतं. बीच इथल्या हवेत हलतं. उन्हाळ्यात कारखान्यात दमट उकाडा, घरात वर्षभर एसी, बावीस डिग्रीला कोरडंठाक. लाकूड आक्रसतं, खुंटी सैल होते आणि दांडा भोकात फिरायला लागतो. वरून जाणारा पोरगा सवयीनं प्रत्येक दांड्यावर हात मारत जातो, तो खटखट वाजतो. मग एखादा लाथ मारतो. मोडतो तो मानेतच. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनानं वाढते, हे भाच्यानं त्यांच्यामागून गणित करून सांगितलं. पंचेचाळिसाची बावन्न केली की ताकद दीडपट. उस्तादांनी घन-बिन ऐकून मान डोलावली. त्यांना ते बोटांनी आधीच कळलेलं होतं.

मग मी माझा मुद्दा काढला. आधार हाच आमचा विषय आहे, तर ह्या दांड्यांवर किती भार येतो? भाचा म्हणाला, फारसा नाही. माणूस रेलतो तो वरच्या हातदांड्यावर. अमेरिकी नियम धरला तर त्या दांड्याच्या कुठल्याही बिंदूवर २०० पौंडांचा, म्हणजे ९० किलोंचा रेटा सोसला पाहिजे. तो रेटा जातो जिन्याच्या सुरुवातीच्या, वळणावरच्या आणि शेवटच्या मुख्य खांबांकडे. ते खांब पायरीच्या पोटात लोखंडी सळीनं रोवलेले असतात. मधले हे शंभरेक कातीव दांडे हातदांड्याला थोडी टेकण देतात, बाकी त्यांचं काम एकच. फट अडवायची.

संपादकांना काय सांगायचं, हा प्रश्न मला तिथं भुशात उभी असताना पडला.

दोन भिंतींमधला जिना

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता, कारण फटच नव्हती. वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीत किंवा दोन भिंतींच्या मध्ये असतो. काळोखा, उभा चढ, गुडघ्याएवढ्या दगडी पायऱ्या. धरायला वरून सोडलेला दोर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळहातांनी तो तेलकट काळा झालेला. शत्रू आला तर एका वेळी एकच माणूस वर चढावा, अशी ती रचना म्हणतात. घरच्या सुनेलाही ती तितकीच जाचक होती, हे कुणी म्हणत नाही. पुण्याचा विश्रामबाग वाडा १८०७ च्या सुमाराला झाला. त्याच्या दर्शनी सागवानी कामात सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि केळफुलांची नक्षी आहे. म्हणजे फुलावरून खांब घडवायला आम्हालाही येत होतं. आम्ही ते रस्त्याला दाखवलं, जिना मात्र लपवला.

बलस्टर लागतो तो उघड्या जिन्याला. जो जिना चढताना माणूस दिसला पाहिजे, त्याला. मुंबईत तो साहेबांबरोबर आला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची मुख्य इमारत १८७८ ते १८८८ मध्ये उभी राहिली. तिच्या घुमटाखालच्या भव्य जिन्याच्या पायऱ्या भिंतीतून नुसत्या बाहेर आलेल्या आहेत, खाली खांब नाही. त्या जिन्यांचे कठडे, तिकीटखिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी-पितळी नक्षी हे काम सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं. रोज लाखो लोक त्या इमारतीतून लोकल पकडतात आणि तो जिना बघायला वेगळं तिकीट काढून आत जावं लागतं.

त्याच्याही फार मागं गेलं तर महाराष्ट्रातले सगळ्यांत जुने कठडे कार्ले, भाजे, बेडसे आणि नाशिकच्या लेण्यांत आहेत. ते खरे कठडे नव्हेत, दगडात कोरलेली लाकडी कठड्यांची चित्रं. उभा तो स्तंभ, त्यातून आडवी ओवलेली ती सूची म्हणजे सुई, आणि वरचा गोलसर दगड तो उष्णीष म्हणजे पागोटं. नावं तर बघा. सांचीला तोच कठडा खराखुरा, माणसापेक्षा उंच उभा आहे. वेदिका म्हणतात त्याला. तिचं काम माणूस पडू नये हे नव्हतं. आतली पवित्र जागा आणि बाहेरचं जग यांत एक सीमा हवी होती, आणि तरी आतलं दिसायला हवं होतं.

सूची आडवी असते यावर भाचा मात्र व्यावसायिक नजरेनं नाराज झाला. आडवे दांडे म्हणजे शिडी. हल्ली पुण्यातल्या नव्या इमारतींत सज्ज्यांना स्टीलचे चार-पाच आडवे पाइप लावतात. दिसतात आधुनिक, पुसायला सोपे. फट १०० च्या आत ठेवली तरी दोन वर्षांचं पोर त्यावर पाय देऊन वर चढतं. गोळ्याच्या परीक्षेत ते पास होतात, म्हणून आणखी धोक्याचे.

वारा आणि नजर

अल रय्यानच्या जुन्या घरांनाही फटीचा प्रश्न होता, फक्त तो मुलाच्या डोक्यावरून आलेला नव्हता. आखातात उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपत. जिना अंगणातून वर जाई. गच्चीच्या कठड्याच्या भिंतीत दोन थर ठेवून आडवी खाच सोडत, म्हणजे बसलेल्या-निजलेल्या माणसाच्या अंगावर वारा येईल आणि शेजारच्या गच्चीवरून आत दिसणार नाही. काही घरांत जिप्समच्या पातळ फळ्यांवर भूमितीची जाळी कोरून बसवत. कैरो-जेद्दाकडे हेच काम लाकडात होई. मश्रबिया म्हणतात त्या जाळ्या. बोटभर कातीव तुकडे, एकमेकांत खुंटीनं अडकवलेले. मोठं लाकूड मिळत नाही म्हणून छोट्या तुकड्यांची भिंत. त्या प्रत्येक तुकड्यालाही मान आणि पोट आहे. बलस्टरचीच चिमुकली चुलत भावंडं.

या किनाऱ्यावर चांगलं लाकूड नव्हतंच. सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतांतून यायचं, आणि परतीच्या दिशेला मोती मुंबईच्या बाजारात जायचे. जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुडवला, पण रुपया टिकला. १९६६ पर्यंत कतारमध्ये रुपयाच चालत होता. आज तिथं गेलेला सांगोल्याचा मुलगा रियाल कमावतो आणि आईला रुपये पाठवतो, एवढाच फरक.

नव्या व्हिलांत एसी आहे, वाऱ्याची खाच कुणी ठेवत नाही. नजरेचा प्रश्न तसाच आहे. पाहुण्यांच्या मजलिसला वेगळं दार असतं, तरी दिवाणखान्यातून जिना दिसतो. भाच्याला मालकांकडून आलेली एक सूचना मला फार आवडली. खालच्या आठ पायऱ्यांवर कठडा दाट वाटला पाहिजे, वर मोकळा चालेल. भाच्यानं सरळ सांगितलं की दांडे बदलता येणार नाहीत. पण मजा अशी की उतरत्या भागात दाटपणा आपोआप येतो. शेजारचा दांडा ७५ मिलिमीटर वर चढलेला असतो, त्यामुळे एकाच्या मानेसमोर दुसऱ्याचं पोट येतं. खालून तिरपं बघितलं तर जिना जवळजवळ बंद. लँडिंगला सगळे दांडे एका पातळीला, मानेसमोर मान. खरी फट तिथंच उघडी पडते.

एका शुक्रवारी भाचा मला खलीफा स्टेडियम दाखवायला घेऊन गेला. १९७६ सालचं, २०२२ च्या विश्वचषकासाठी नव्यानं सजवलेलं. बाहेरूनच बघितलं. तिथल्या कठड्यांचं शास्त्र निराळं. ब्रिटिश मैदानांच्या नियमावलीत उभ्या गर्दीत लावलेल्या दांड्यांना मीटरमागे ५ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्ध्या टनाचा रेटा धरतात. आणि वरच्या मजल्यावर पहिल्या रांगेसमोरचा कठडा ८०० मिलिमीटरपर्यंत खाली आणायला तीच नियमावली परवानगी देते, नाहीतर पैसे मोजून बसलेल्या माणसाला गोल दिसत नाही. जिन्याच्या पायथ्याशी मात्र तोच ११०० हवा. धावत उतरणारा माणूस तिथं येऊन आदळतो.

साडेतीन नंतर

मालक अखेर बावन्नला तयार झाले. त्यांच्या आईंनी निर्णय केला असं कळलं. नातवंडं सात आहेत, आणि त्यांनी दोन्ही नमुने हातात घेऊन जाडा पुढं केला. मला त्या बाईंना भेटायचं होतं, ते जमलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी व्हिलावर गेले. जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत कतारमध्ये सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतं. बाहेरचे फरशीवाले भिंतीच्या सावलीत आडवे पडलेले. आत सुतारांचं काम चालू होतं, एसी अजून लागलेला नव्हता. दोन्ही चढणींचे दांडे उभे राहिले होते. पांढऱ्या संगमरवरावर ताजं पॉलिश न केलेलं बीच, सोललेल्या उसासारखं.

भाच्यानं खिशातून लाकडी गोळा काढला. बरोबर १०० मिलिमीटरचा, उस्तादांनी उरलेल्या तुकड्यातून कातून दिलेला. तो प्रत्येक फटीला लावत वर गेला. मान, पोट, मान. गोळा कुठंच जाईना. खालच्या पायरीवर मल्याळी फोरमन हाताची घडी घालून उभे होते.

लँडिंगला शेवटच्या दांड्यापाशी गोळा पार गेला.

त्यानं टेप लावला. १०४. मुख्य खांब बसवताना संगमरवरवाल्यांनी तो सहा मिलिमीटर पलीकडे सरकवला होता. फोरमन म्हणाले, एकच फट आहे, कोपऱ्यातली, कुणाच्या लक्षात येणार? ते वाईट बोलत नव्हते. सोमवारी हातदांडा बसवायचा होता, मंगळवारी पॉलिशवाले येणार होते.

मला वाटलं आता तो शेवटचा दांडा खांबाकडे सरकवणार. पण तसा सरकवला तर मागची फट १०३ होते. त्यानं हातातल्या पेन्सिलीनं खालच्या पट्टीवर खुणा केल्या. लँडिंगला दांडे लाकडी खाचेत उभे असतात आणि त्यांच्या पायांमध्ये चाळीस मिलिमीटरचे लाकडी तुकडे बसवलेले असतात. त्यानं शेवटच्या पाच फटींतले तुकडे काढायला सांगितले आणि एक्केचाळीसचे नवे कापायला लावले. शेवटचा दांडा पाच मिलिमीटर सरकला, त्याच्या आधीचा चार, मग तीन, दोन, एक. सगळ्या फटी नव्याण्णव. डोळ्याला काही कळत नाही.

‘‘पाच एमएम पाच जणांत वाटले,’’ तो म्हणाला, ‘‘मावशी, एकट्यावर टाकलं की दिसतं.’’

तुकडे कापून यायला पाऊण तास लागला. तोवर मी लँडिंगवर फतकल मारून बसले. नेपाळचा एक हेल्पर, विशीतला, माझ्या शेजारी गोळा हातात घेऊन झेलत होता. तो त्याच्या हातून निसटला, लँडिंगच्या काठावरून पहिल्या पायरीवर पडला आणि टप्पे घेत घेत थेट खालच्या हॉलपर्यंत गेला. कठड्यातून एकदाही बाहेर पडला नाही. फोरमननी पायानं अडवून तो उचलला, बोटांच्या कड्यात धरून पाहिला आणि वर आमच्याकडे फेकला.